सिलॅबस ठरवण्याआधी एकदा ओहोटीला खाडीवर या

प्रति,
आंतरविद्याशाखीय प्रादेशिक अभ्यास पीएचडी अभ्यासक्रम समिती
(विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला कळेलच.)

सर, मॅडम, नमस्कार.

तुमचा मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला, फॉरवर्ड होत होत, आणि कळवा ते ऐरोली रिक्षात बसून मी तो पूर्ण वाचला. सूचना पाठवायची मुदत आहे असं शेवटच्या पानावर लिहिलंय म्हणून हे पत्र. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासावर पैसे, आणि गेली बरीच वर्षं पीएचडी करतेय. रजिस्ट्रेशन झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती सातवीत आहे, यावरून काय ते समजा.

आधी चांगलं सांगते. असा अभ्यासक्रम आपल्याकडे सुरू होतोय याचाच मला फार आनंद झाला. ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण हा पट्टा समजून घ्यायचा तर एका विषयाने भागतच नाही. नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली, १९७० ला शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, आणि आता विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठली. हे सगळं एकाच माणसाच्या एकाच घरात घडलेलं असतं हो. त्याला तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला पाठवणार?

आता मसुद्याकडे येते. भूगोल दोन क्रेडिट, इतिहास दोन, समाजशास्त्र दोन, अर्थशास्त्र दोन, मराठी दोन, झाले दहा, आणि रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचे दोन जे सगळ्यांना सक्तीचेच आहेत, एकूण बारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात कोर्सवर्क कमीत कमी बारा क्रेडिटचं हवं, ते बरोब्बर बसलं. पण रागावू नका, ही थाळी झाली. वाट्या पाच, प्रत्येकात वेगळं काहीतरी, आणि कालवायचं काम जेवणाऱ्याचं. पाच डिपार्टमेंटचे पाच सर आपापला तास घेऊन जाणार, एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत, आणि तो मुलगा किंवा ती मुलगी पाच नोट्स घेऊन घरी जाऊन एकटीने त्याचं 'आंतरविद्याशाखीय' करणार. तेच तर मी गेली इतकी वर्षं करतेय की, त्यासाठी नवा कोर्स कशाला?

माझं झालं काय ते सांगते. माझा विषय खाडीकाठच्या गावांची खाजणं, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यातल्या जमिनी, आणि मिठागरं, जमीन कोणाची, तिला नावं काय, आणि ती गेली कशी. सिनॉप्सिस घेऊन आधी भूगोलात गेले. तिथे म्हणाले यात मॅपिंग कमी आहे, हा तर इतिहास झाला. इतिहासवाले म्हणाले हे ओरल आहे, कागद कुठेत, समाजशास्त्रात जा. समाजशास्त्रात एका मॅडमनी फार आपुलकीने ऐकलं, चहा पाजला, आणि म्हणाल्या अगं हा तर बोलीचा अभ्यास आहे. मराठीत गेले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की यात साहित्य कुठे आहे. शेवटी ज्या डिपार्टमेंटला गाईडकडे जागा शिल्लक होती तिथे मी घुसले. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी, या आकड्यांवर माझा 'विषय' ठरला. आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीत, दोनदा टायटल बदललं. दुसऱ्यांदा बदलताना त्यातला 'खाजण' हा शब्दच काढायला लावला, कारण बाहेरच्या परीक्षकाला कळणार नाही म्हणे. परीक्षकाला कळणार नाही म्हणून तर थिसिस लिहायचा असतो ना?

कधीकधी वाटतं दामोदर कोसंबी आज आले असते तर कुठल्या आरआरसीतून पास झाले असते. माणूस गणिताचा, पण जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं करून, हातोहात फिरून नाणं किती झिजतं याचं संख्याशास्त्र लावून इतिहास काढणारा, आणि पुन्हा देवीची ठाणी आणि जुन्या वाटा शोधत पुण्याच्या आसपास पायी हिंडणारा. इरावतीबाई कर्व्यांचंही तेच, एकीकडे माणसांच्या डोक्यांची मापं, दुसरीकडे नात्यांची नावं, तिसरीकडे महाभारत. आपल्या मातीत हे झालेलं आहे, बाहेरून आणायची गरज नाही एवढंच म्हणायचंय. तुमच्या मसुद्याच्या प्रस्तावनेत एरिया स्टडीजचा जो इतिहास दिलाय तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा आहे, १९५८ च्या कायद्याने तिथे परकी भाषा आणि परके प्रदेश शिकायला सरकारी पैसा आला वगैरे. ते खरंय, पण ते दुसऱ्याचा देश ओळखायला निघाले होते. आपण आपलाच जिल्हा ओळखायला निघालोय, आणि तोही २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर अर्धा उरलेला. जेएनयूत १९७१ पासून प्रादेशिक विकासाचं केंद्र आहे जिथे भूगोल, अर्थशास्त्र, लोकसंख्या एका छपराखाली आहेत, त्याचा उल्लेख प्रस्तावनेत आला असता तर बरं वाटलं असतं.

आता खाडीवरची गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजची फील्ड व्हिजिट ऐरोलीकडे आली, एम.ए.ची मुलं, चाळीस-बेचाळीस असतील, सोबत तीन सर. मला 'लोकल रिसोर्स पर्सन' म्हणून बोलावलं होतं, मानधन नाही, पण टोपी मिळाली. शनिवार होता म्हणून तो दिवस ठरला, आणि तो नेमका पौर्णिमेचा निघाला. साडेअकराला बस लागली तेव्हा पाणी बांधाच्या तोंडाशी. चिखल नाही, पक्षी नाहीत, तिवरांची मुळं नाहीत, नुसतं करडं पाणी आणि पलीकडे मुलुंड-भांडुपच्या बिल्डिंगी. मुलांनी सेल्फी काढले, सरांनी 'खाडी परिसंस्था' यावर वीस मिनिटं सांगितलं, वडापाव झाले, बस गेली.

संध्याकाळी आत्याकडे गेले तर ती हसायलाच लागली. "पुनवेला दुपारचे कोन येतं गो खारीन? सांजचे ये, मंग बघ." आत्याची शाळा चौथीपर्यंत. तिचा हिशोब सोपा आहे, जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. पुनव म्हणजे पंधरा, त्याचे सव्वा अकरा. अष्टमीला सहा. आत ऐरोलीकडे पाणी पोचायला अजून थोडा वेळ लागतो, तो ती अंदाजाने धरते. पुनव-अवसेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी ना धड चढत ना उतरत. म्हणजे त्याच दिवशी, त्याच जागी, ती बस संध्याकाळी साडेपाचपर्यंत थांबली असती तर महिन्यात सगळ्यात जास्त उघडा पडणारा चिखल त्या मुलांना दिसला असता, सीझन असता तर त्यावर फ्लेमिंगोही. पण बस पाचला कॉलेजात परत हवी होती, ड्रायव्हरची ड्युटी संपते.

आता बघा, या एका पाऊणकीत खगोल आहे, पंचांग आहे, गणित आहे, मासेमारीचं अर्थकारण आहे, आणि बायकांनी चिखलात कधी उतरायचं याचं घरातलं टाइमटेबल आहे. हे पाच पेपरांत वाटून शिकवता येणार नाही. चंद्राचं भूगोलात, तिथीचं संस्कृतीत, चिंबोरीचं अर्थशास्त्रात असं वाटलं की पाऊणकी गायब.

दुसरी एक गंमत, खरंतर गंमत नाही. त्याच ग्रुपमधल्या एका हुशार मुलाने नंतर गावात सर्व्हे केला, मोबाईलवर फॉर्म, लोकेशनसकट, सगळं नीट. म्हाताऱ्या माणसांनी "आमची जागा खारीन व्हती" असं सांगितलं, आणि त्याने सगळीकडे 'क्षारयुक्त जमीन' टिक केलं. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी 'ड' चा 'र' होतो हो, घोडा म्हणजे घोरा, खाडी म्हणजे खारी. ते सांगत होते जागा खाडीत होती. त्याच्या नकाशावर खाडीच्या जागी खारपड शेतजमीन आली, सुंदर रंगवलेली, लेजंडसकट. त्याचा नकाशा एका सेमिनारला बक्षीस पण घेऊन गेला. त्या मुलाचा काय दोष, त्याला कोणी बोली ऐकायला शिकवलंच नव्हतं, आणि जे शिकवू शकतात ते मराठीचे सर दुसऱ्या मजल्यावर 'साहित्याचे प्रवाह' घेत होते.

तर माझी मागणी अशी आहे की एथिक्सचे दोन क्रेडिट सोडून जे दहा उरतात त्यातले निदान चार क्रेडिट एकाच जागेला द्या. पूर्ण बॅच, एक सेमिस्टर, एक जागा. यंदा ऐरोलीतला दिव्याचा कोळीवाडा, पुढच्या वर्षी वागळे इस्टेट, त्याच्या पुढच्या वर्षी तुर्भ्याचं मार्केट, नाहीतर शहापूरकडचा एखादा कातकरी पाडा. प्रॅक्टिकलच्या हिशोबाने चार क्रेडिटचे एकशेवीस तास होतात, तेवढ्यात माणूस एका गावात चहा प्यायला घरात घेतला जातो एवढी ओळख होते. आणि अट एकच, सगळे सर-मॅडम एकाच वेळी तिथे हवेत. भूगोलाचे सर बांधावर उभे राहून काही सांगत असतील तर इतिहासाच्या मॅडमनी तिथल्या तिथे म्हणावं की नाही सर, हा बांध तुम्ही म्हणता तेवढा जुना नाही, आणि मुलांनी ते भांडण ऐकावं. मी विद्यार्थी म्हणून सांगते, दोन विषयांचे शिक्षक एकमेकांशी भांडताना मी आजवर फक्त व्हायवाच्या दिवशी आणि टाइमटेबलवरून पाहिलेत.

दोन क्रेडिट मोडी आणि महसुली कागद. हे दोन्ही एकत्रच शिकवा, वेगळं करू नका. मोडी शिकायला लोक उत्साहाने येतात, मग शिवकालीन पत्रं वाचतात, छान आहे, पण आमच्या कामाचे कागद म्हणजे जुने फेरफार, बोटखतांसारखे जुने जमिनीचे कागद, मिठागरांचे हिशोब. आणि सातबारा कसा वाचायचा हे तर पीएचडीच काय, बारावीलाच शिकवायला पाहिजे. माझ्या आजोबांच्या नावचा एक जुना उतारा माझ्याकडे आहे, कडा गेलेल्या, मधोमध घडीवर फाटलेला, आईने चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. त्यात एका तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलंय. म्हणजे लागवडीला अयोग्य, आकार शून्य. पीकपाण्याच्या रकान्यात काही नाही, रेघ मारलीय. तो तुकडा आत्याला दाखवला तर ती म्हणाली इथेच तर सगळं मिळायचं. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, पावसाच्या सुरुवातीला बोय, आणि नशीब असेल त्या दिवशी जिताडा, जो घरी खायचा नाही, विकायचा. आजीने त्या 'खराब्या'वर दोन मुलींची लग्नं केली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी तो उतारा वाचून उत्पन्न शून्य लिहील, समाजशास्त्राचा विद्यार्थी आत्याची मुलाखत घेईल पण उतारा त्याच्या हातात कधीच येणार नाही, आणि भरपाईचे आकडे ठरताना त्या रेघेचं काय झालं असेल हा माझ्या थिसिसचा मुख्य प्रश्न आहे, जो कुठल्याच डिपार्टमेंटला आपला वाटला नाही.

उरले चार. दोन नकाशे आणि जीआयएसला, म्हणजे संगणकावरच्या नकाशांना, दोन बोलीला आणि ऐकण्याला, म्हणजे मुलाखत कशी घ्यायची, रेकॉर्डिंग कसं उतरवायचं, कोणाची परवानगी घ्यायची. जीआयएसबद्दल मला जास्त कळत नाही, ते तुम्ही बघा. फक्त एवढं करा की नकाशा करणाऱ्याला आधी नावं शिकवा. खाजण, खार, शेत, मिठागर, कोंडी, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) हे आमच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, आणि नकाशावर मात्र सगळ्याला एकच शब्द, दलदल.

जुनं ते सगळं टाकाऊ असंही नाही. १८८२ चं ठाण्याचं गॅझेटियर, कॅम्पबेलसाहेबाने संपादित केलेलं, आजही काढून बसलं की दुपार कशी जाते कळत नाही. झाडं, मासे, जाती, बंदरं, बाजार, पीकपाणी, सगळं एका जागी. हेतू सारावसुलीचा आणि राज्य हाकायचा होता, आमच्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मुठी वळतात, पण एक जिल्हा एकत्र बघायची सवय त्या कारकुनांना होती. ते पुस्तक कसं वाचायचं आणि कुठे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, यावर एक पूर्ण आठवडा द्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ पासूनची संस्था आपल्या दाराशी आहे, तिथे मुलांना नुसतं मेंबर करायला लावलं तरी निम्मं काम होईल.

गाईडचं काय? सहमार्गदर्शक घ्यायला नियमात परवानगी आहे, मग मसुद्यात ते 'आवश्यक वाटल्यास' असं का लिहिलंय? सक्तीचं करा. दोन वेगळ्या विषयांचे दोघं, आणि सहा महिन्यांतून एकदा तरी दोघं एकाच टेबलाशी. माझ्या बाबतीत एका सरांनी मला दुसऱ्या सरांना भेटायला सांगितलं, दुसऱ्यांनी विचारलं "त्यांनी पाठवलं का?" आणि पुढे सगळं बिघडलं. ती कहाणी इथे नको.

आणि एक रोकडा प्रश्न, जो प्रत्येकाच्या मनात आहे आणि मसुद्यात कुठेच नाही. या पदवीवर नोकरी कोण देणार? असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिरातीत विषय लिहिलेला असतो, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र. इंटरव्ह्यूच्या आधी स्क्रूटिनीतच एक क्लार्क विचारतो तुमचा विषय यात बसतो का, आणि नाही बसला तर फाईल तिथेच संपते. प्रादेशिक अभ्यासात डॉक्टरेट झालेल्या मुलीने जाऊन काय सांगायचं, मी सगळ्यात आहे? प्रमाणपत्रावर मूळ विषयही छापा, आणि समकक्षतेचं पत्र पहिली बॅच घ्यायच्या आधी काढून ठेवा, नंतर नाही. नंतर कोणी काढत नाही. मी चाळिशीला आलेय, सीएचबीवर आहे, मला हे बोलायचा अधिकार आहे असं समजते.

भाषेचंही मसुद्यात गोलमोल आहे. थिसिस मराठीत लिहिता येईल असं एका ओळीत स्पष्ट लिहा, आणि इंग्रजीत लिहिला तर त्याचा मराठी सारांश, पाच-दहा पानांचा, त्या गावात नेऊन वाचून दाखवायचा असं करा. व्हायवा उघडा असतो ना नियमाने? मग व्हायवाच्या आधी एक बैठक गावच्या समाजमंदिरात घ्या. परीक्षकांना घाबरत नाही एवढी मी आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना घाबरते, कारण परीक्षक दोनशे पानं चाळतो, आणि ते एका वाक्यात सांगतात की पोरी, ही उघाडी इथे नव्हतीच.

शेवटचं. तुमची पुढची मीटिंग कॉन्फरन्स हॉलमध्ये असेल, एसी, बिसलेरी, काजू. ती ऐरोलीला घ्या. आत्याला सांगून ठेवते. पौर्णिमेलाच ठेवा, संध्याकाळी पाचला पोचा, साडेपाच-सहापर्यंत पाणी पूर्ण उतरलेलं असेल. बूट नकोत, चिखलात अडकतात, साधी रबरी चप्पल घाला आणि ती हातात घ्यायची तयारी ठेवा. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी बांधावर बसावं, तिथून सगळं दिसतं. आणि प्लीज, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की परत जायला आठ वाजतील.

तुमची,
दिव्याच्या कोळीवाड्याची भाची, सध्या मुक्काम कळवा